नाल्याच्या दोन्ही काठांवर : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

९ जून, सोमवार

कोल्हापुरातल्या जयंती नाल्याच्या अलीकडे एक वसाहत, पलीकडे दुसरी, मध्ये एक अरुंद पूल. आपलं काम एवढ्याच पट्ट्यात आहे. चौदा ते बावीस वयाच्या पोरांची भांडणं कोयत्यापर्यंत जाऊ द्यायची नाहीत. भांडणं होणारच, ती बंद करायचा आमचा दावा नाही.

वसाहतींची नावं नोंदीत येणार नाहीत आणि पोरांची तर नाहीतच. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाप्रमाणे विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख उघड करता येत नाही. कायदा नसता तरी मी लिहिली नसती. एकदा 'त्या केसमधला' असं नाव चिकटलं की पोरगं चाळिशीला आलं तरी गल्ली त्याला तेच म्हणते.

टीम ठरली. अलीकडचे रिक्षावाले काका, तरुणपणी हद्दपारी भोगून आलेले. पलीकडच्या तालमीचे वस्ताद, वय सत्तरीच्या पुढं. दोन्हीकडच्या बायकांना ओळखणाऱ्या अंगणवाडीच्या ताई. आणि उद्यमनगरात काम करणारा एक वेल्डर, ज्याच्या दंडावरचा टाक्यांचा व्रण पोरं अजून बघून घेतात. आमच्या कागदावर यांना 'मध्यस्थ' म्हटलंय. वसाहतीत पहिल्याच दिवशी नाव पडलं, 'मिटवणारी माणसं'. तेच चालू द्यायचं.

१३ जून

टीमची पहिली बैठक तालमीच्या ओट्यावर. ही पद्धत कुठून आली ते सांगितलं. साथरोगांचे डॉक्टर गॅरी स्लटकिन आफ्रिकेत क्षय, कॉलरा, एड्स यांवर वर्षानुवर्षं काम करून शिकागोला परतले. शहरातल्या गोळीबारांचे नकाशे पाहिले तेव्हा त्यांना त्यात साथीच्या नकाशासारखेच पुंजके दिसले. एका घटनेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क या भागात त्यांनी काम सुरू केलं. त्या गल्लीतलीच, पोरं ज्यांचं ऐकतात अशी माणसं नेमली आणि त्यांना बदल्याच्या आधी मध्ये उभं केलं. स्कॉटलंडच्या ग्लासगोत २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक काढलं. तिथला प्रश्न बंदुकीपेक्षा चाकूचा, म्हणून ते आपल्याला जास्त जवळचं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगभरात १५ ते २९ या वयातल्या सुमारे १,९३,००० जणांचा दरवर्षी खून होतो.

वस्ताद सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे कुस्ती बरोबरीत सोडवायची. दोघं पण दमल्यात, दोघं पण मागं सरायला तयार हैत, पर सरणार कोण? मग पंच आत जातो आन् दोघांचा हात वर करतो."

दुसरं कुणी इतकं नेमकं सांगितलं नसतं. खासबागेच्या मैदानात हजारोंच्या समोर कुस्ती बरोबरीत सुटते आणि कुणाची इज्जत जात नाही, कारण सोडवणारा तिसरा असतो. गल्लीतल्या भांडणात तो तिसरा नसतो. पोरगं मारायला निघतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच जायचं नसतं, एवढं मी या कामात शिकले आहे. त्याला परत फिरायला जागा हवी असते, आणि ती त्याला स्वतःला करून घेता येत नाही.

१७ जून

शाळा सुरू झाल्या. दोन्ही वसाहतींत फिरून कोण शाळेत गेलं नाही याची यादी ताई करत आहेत.

२१ जून

बायकांबरोबर जमिनीवर खडूनं नकाशा काढला. वाद कुठं होतात, कधी होतात. पुरुषांना विचारलं असतं तर 'कुठंच नाही' हे उत्तर आलं असतं. बायकांनी पटापट खुणा केल्या. पुलावरची पानपट्टी. जिमच्या बाहेरची गाड्यांची रांग. क्लास सुटल्यावरचा कोपरा. आणि रस्त्यावर होणारे वाढदिवस, गाडीच्या बॉनेटवर केक, कुणाच्या तरी हातात तलवार, चार जण रील काढणारे. वेळ संध्याकाळी सात ते अकरा. पावसाळ्यात उशीर कमी, दिवाळीनंतर जास्त. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरून परत येतानाचा रस्ता.

एका आईनं नकाशात मोबाइल काढला. जमिनीवर चौकोन काढून म्हणाली, "हितं होतंय सगळं. बाकी जागा नुसत्या हाणामारीच्या." तिचं बरोबर आहे. ७ जून २०२३ ला स्टेटसवरून शहरात काय झालं ते प्रत्येकाला आठवतं. बंदची हाक, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. तेव्हा बारा-तेरा वर्षांची असलेली पोरं आज आपल्या यादीत आहेत. पडद्यावरच्या दोन ओळींवरून आख्खं शहर पेटू शकतं हे त्यांनी त्या वयात पाहिलंय.

२४ जून

पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांशी बोलणं झालं. हद्द आधीच स्पष्ट केलेली बरी. ग्लासगोचं काम पोलिसांनी चालवलं, शिकागोच्या लोकांनी पोलिसांपासून अंतर ठेवलं. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकतो. आम्ही खबरी नाही. पोरानं रागात काय बोललं ते ठाण्यात जाणार नाही. गुन्हा घडला तर तो लपवणार नाही, पुरावा हलवणार नाही, तडजोडीत साक्षीदार फोडणार नाही. जीव जाण्याची वेळ आली तर ११२ लावायला कुणाची परवानगी घ्यायची नाही. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, मिटवताना पैशाचा व्यवहार नको. आम्हालाही तेच हवं होतं. 'मिटवण्याचे' पैसे घेणारी माणसं वसाहतीत आहेत, आणि भांडणं वाढण्यात त्यांचा फायदा असतो.

२६ जून

शाहू जयंती. मिरवणुकीला दोन्हीकडची लहान मुलं एकत्र नेली. महाराजांनी पोरांसाठी बोर्डिंगं काढली, तालमींना आश्रय दिला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरांना दिवसभर कुठं ठेवायचं याचं उत्तर या गावानं शंभर वर्षांपूर्वी दिलं होतं. भाषणात हे कुणी बोललं नाही, म्हणून इथं लिहिते.

६ जुलै

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी. तालमीत पंजे बसलेले, शेजारच्या देवळात भजन. सकाळी साबुदाण्याची खिचडी वस्तादांनी स्वतः वाटली. दिवस शांत गेला.

१९ जुलै, शनिवार

रात्री साडेनऊला ताईंचा फोन. दहावीतल्या एका मुलीनं त्यांना स्क्रीनशॉट पाठवला होता. मुलींना सगळं आधी कळतं. त्यांनी सांगितलं हे कुणाला कळू द्यायचं नाही, हा आपला पहिला नियम. ताईंनी मलाही नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

प्रकरण असं. अलीकडचा सतरा वर्षांचा पोरगा, पहाटे विद्यापीठाच्या मैदानावर भरतीसाठी धावणारा. त्यानं पलीकडच्या एका एकवीस वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकाचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली दोन शब्द लिहिले. पलीकडून व्हॉइस मेसेज आला, त्यात आईवरून शिवी. मग याचा, मग त्यांचा. सव्वानऊपर्यंत दोन्हीकडच्या ग्रुपवर 'पुलावर ये' सुरू झालं.

काकांनी रिक्षा काढली. पोरगा पुलाच्या अलीकडच्या तोंडाला भेटला. शर्टाच्या आत पाठीला काहीतरी लावलेलं, त्यामुळे ताठ चालत होता. काकांनी हत्याराचं नाव काढलं नाही, काय झालं ते विचारलं नाही. म्हणाले, "बस." तो म्हणाला, "काका, आज नको." काका म्हणाले, "तुझ्या भावाला सीपीआरला कुणी नेल्तं?" तो बसला.

याचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्या रात्री काकांच्याच रिक्षातून त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं होतं. या पोराला 'नाही' म्हणता येणार नाही असा माणूस शहरात एकच होता, आणि तो आपल्या टीममध्ये आहे. माणसं निवडताना समुपदेशनाचं प्रमाणपत्र बघायचं की असं नातं, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. माझ्यापुरता तो आज संपला.

काकांनी रिक्षा रंकाळ्याला नेली. आधी त्याचा फोन घेतला आणि स्वतःच्या खिशात बंद करून ठेवला. व्हॉइस मेसेज मिनिटामिनिटाला येत होते. फोन हातात असेपर्यंत पोरगा मनानं पुलावरच असतो. मग रंकाळ्याभोवती फेऱ्या. काका एक शब्द बोलले नाहीत. गाड्यावर ऑम्लेट खायला घातलं. साडेबाराच्या सुमाराला पोरगा म्हणाला, "माझ्या भावाच्या तोंडावर त्यानं स्वतःचं तोंड चिकटवलंय."

पुलाच्या कठड्याला भावाच्या वर्षश्राद्धाचा श्रद्धांजलीचा फलक होता. वाढदिवसाचा फलक त्याच्यावरच बांधला होता. स्टेटस, शिव्या, ग्रुप हे सगळं नंतरचं. मूळ दुखणं हे होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. ठाण्यात याची नोंद झाली असती तर 'स्टेटसच्या वादातून' अशी झाली असती.

उतरताना तो सीटखाली कोयता ठेवून गेला. काकांनी मागितला नव्हता.

२० जुलै

पलीकडे काल रात्री वस्ताद आणि वेल्डर वाढदिवसवाल्याच्या घरी बसून होते. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. फलक लावणाऱ्या पोरांनी मोकळी दोरी दिसली तिथं बांधला. त्याला वाईट वाटलं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं असं वेल्डर म्हणतो. पण माफी माग म्हटलं की मान ताठ. "दोनशे पोरांनी ग्रुपवर बघितलंय. माफी मागितली तर उद्या मला गल्लीत कोण विचारणार?"

त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या गल्लीत तो रोज राहतो, मी राहत नाही. तिथं 'घाबरला' हे नाव पडलं तर पुढच्या सहा महिन्यांत त्याला दहा जण अडवतील. त्याची भीती खरी आहे.

वस्तादांनी सकाळी सात वाजता त्याला एकटा बोलावला. म्हणाले, "वाढदिवस झाला न्हवं? मग फलक किती दिस ठेवतोस? तुझा तू काढ. आन् खाली जो फोटो निघंल त्याला हार घाल. मेलेल्याला हार घातल्यावर कुणाची मान खाली जात न्हाई."

शिडी तालमीतून नेली. त्यानं स्वतः चढून दोऱ्या सोडल्या, खालचा फलक ओल्या फडक्यानं पुसला, हार घातला. पलीकडच्या पोरांनी बघितलं, अलीकडच्यांनी पण. कुणीच काही बोललं नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. तासाभरानं अलीकडच्या पोरानं स्टेटस काढला. दोघं समोरासमोर आले नाहीत. आम्ही आणलेही नाहीत. गळाभेटीचे फोटो काढायची हौस बाहेरच्यांना असते, पोरांना त्याचा त्रास होतो.

अलीकडच्या पोराची आई दुपारी भेटली. "मी रात्री कामावरनं आलो तर ह्यो घरात न्हाई. मी सगळीकडं फिरलो. काकांच्या रिक्षात हाय म्हटल्यावर पाणी प्यालो." तिला कोयत्याचं सांगायचं की नाही यावर आम्ही बोललो आणि सांगितलं. कोयता तिच्या भावाचा, गावाकडचा. काकांनी त्यालाच नेऊन दिला.

कोयत्याबद्दल एक मुद्दा लिहून ठेवते. शस्त्र नियमांमध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, पण घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या वापरासाठी बनवलेली वगळलेली आहेत. आपल्या ऊसपट्ट्यात कोयता नाही असं घर शोधावं लागेल. कोयते गोळा करून हा प्रश्न सुटणार नाही. मोहिमा करायच्या असतील त्यांनी कराव्यात. आमची मेहनत पुलाच्या तोंडाशी लागली पाहिजे.

२ ऑगस्ट

रात्री सीपीआरच्या दारात. आपल्या वसाहतींबाहेरचं प्रकरण, पण जखमी पोरगा पलीकडच्या एकाचा मावसभाऊ. मांडीत वार. अपघात विभागाच्या बाहेर चाळीसेक पोरं जमली. बदल्याचा बेत अशाच ठिकाणी ठरतो. सगळे एकत्र, सगळे हतबल, रक्त लागलेले कपडे समोर आणि करण्यासारखं काही नाही. वेल्डरनं हेच ओळखून प्रत्येकाला काम दिलं. दोघं रक्तपेढीत, एक जण आईला आणायला, एक जण चहाला, एक जण वडिलांच्या शेजारी बसून. हाताला काम मिळालं की घोळका फुटतो. मग वडिलांना एवढंच म्हणायला लावलं, "माझ्या पोराच्या नावावर कुणी काही करायचं न्हाई." हे वाक्य बापाच्या तोंडून आलं की वजन पडतं. आम्ही बोललो असतो तर वाऱ्यावर गेलं असतं.

पोरगा वाचला. ज्यानं आणलं त्यानं वाटेत स्वतःचा टी-शर्ट काढून जखमेवर दाबून धरला होता.

५ ऑगस्ट

म्हणून आज तालमीत प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. एका डॉक्टर मैत्रिणीनं शिकवलं. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. 'पायावर मारलं की मरत नाही' हा वसाहतीतला समज चुकीचा आहे आणि त्या समजानंच पोरं मांडीवर वार करतात. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबायचं, सतत, उचलून उचलून बघायचं नाही. पातं आत असेल तर ओढायचं नाही. १०८ ला फोन. पोलीस विचारतील या भीतीनं गल्लीतल्या दवाखान्यात नेण्यात वेळ घालवायचा नाही.

पोरं आमच्या कुठल्याही चर्चेपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती. वार करणाऱ्याला शरीराची माहिती द्यायची का, अशी शंका टीममध्ये निघाली होती. माझं मत, द्यायची. मांडी किती नाजूक आहे ते कळलेल्या पोराचा हात थोडा तरी थांबेल.

१० ऑगस्ट

वकीलताईंचं सत्र. विषय एकच, 'अठराच्या आत काही होत नाही.' हे वाक्य दोन्हीकडं पाठ आहे आणि ते पसरवतात बावीस-पंचविशीतले. कोयता सोळा वर्षांच्या हातात देतात आणि स्वतः लांब उभे राहतात.

वकीलताईंनी फळ्यावर सोपं करून मांडलं. २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो 'अतिगंभीर'. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं तसा गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक आणि शारीरिक कुवत, परिणामांची समज तपासतं आणि त्याला प्रौढासारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडं पाठवू शकतं. खून त्यात येतो. खुनाच्या प्रयत्नाला शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षं अशी अट नाही, त्यामुळे तो त्या वर्गात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानं स्पष्ट झालं. म्हणजे वार दोन बोटं इकडं की तिकडं, एवढ्यावर पोराचं सगळं आयुष्य.

आणि ८३वं कलम. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतले दोन मोठे उठून गेले. बसलेल्या लहान पोरांनी ते उठताना बघितलं. सत्राचा खरा उपयोग तिथंच झाला.

भरतीवाल्यानं विचारलं, केस झाली तर पोलीस भरती गेली का? अठराच्या आतली असेल आणि बाल न्याय मंडळातच निकाल लागला असेल तर २४व्या कलमाप्रमाणे त्यामुळे अपात्र ठरत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र चारित्र्य पडताळणीत प्रत्येक नोंद समोर येते. त्याचा वाढदिवस जानेवारीत आहे. त्यानं बोटांवर महिने मोजले.

२३ ऑगस्ट

ताईंची यादी पूर्ण झाली. ज्यांच्यावर आपली सगळ्यात जास्त नजर आहे ती पोरं जवळजवळ सगळी पंधरा ते अठरा या वयात आहेत आणि शाळेत नाहीत. मला हा या कामाचा गाभा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ही पोरं शाळेत होती तेव्हा आठवीपर्यंत ढकलगाडी चालायची. नववीत नापास, किंवा दहावीत गणित आणि इंग्रजी राहिलं, की शाळा सुटते. मग कामाला लावावं म्हटलं तर शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत अठराच्या आत घेता येत नाही. ओतकाम धोकादायक प्रक्रियेत मोडतं आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामाला २०१६ च्या दुरुस्तीनं मनाई आहे. मनाई योग्यच आहे. वितळलेल्या लोखंडाजवळ पोरं नकोत. पण शाळेनं सोडलेलं आणि कारखान्यानं न घेतलेलं पोरगं तीन वर्षं कुठं असतं? पुलावर असतं. तिथं त्याला घेणारी माणसं तयार असतात. ती त्याला गाडी फिरवायला देतात, जेवायला घालतात, 'भावा' म्हणतात. ही सगळी कामं शाळेनं आणि शेजाऱ्यांनी करायची होती.

मार्ग आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. कळंब्याच्या शासकीय आयटीआयमध्ये दहावीच्या बळावर प्रवेश मिळतो. मध्ये फक्त हात धरून नेणारं माणूस नसतं. फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि ज्या शाळेतून अपमान होऊन बाहेर पडलो त्या शाळेच्या ऑफिसात जायला पोरगं तयार होत नाही. काकांनी ठरवलंय, दर बुधवारी दुपारी रिक्षा दाखल्यांसाठी.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. वेल्डर रात्री दोन्ही मंडळांत बसतो.

३ सप्टेंबर

मिरवणुकीची बैठक. दोन्ही मंडळं पाठोपाठ आली की कोण पुढं, कुणाचा साउंड मोठा, कोण कुणाच्या समोर थांबून नाचलं, यातून दरवर्षी तोंड लागतं. वस्तादांनी तोडगा काढला. दोन मंडळांमध्ये मोकळी जागा ठेवायची आणि त्या जागेत फक्त बायका आणि लेझीमची मुलं चालणार. पोरांनी कुरकुर केली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं.

७ सप्टेंबर

काल सकाळी निघालेली मिरवणूक आज पहाटे इराणी खणीवर संपली. आपल्या दोन मंडळांची.

एकच प्रसंग लिहिण्यासारखा. पापाच्या तिकटीच्या अलीकडं गर्दी तुंबली आणि मागचं मंडळ पुढच्याला येऊन भिडलं. बाटली फेकली कुणीतरी, कुणी ते अजून कळलं नाही. क्षणात पंधरा-वीस पोरं वळली. मधल्या जागेत लेझीमच्या मुली होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. ताईंनी हलगीवाल्याला खूण केली आणि डाव पुन्हा सुरू झाला. आपल्याच बहिणी समोर खेळत असताना त्यांच्या अंगावरून कोण जाणार? पोरं तिथंच थांबली. वाढदिवसवाला त्यांच्यात पुढं होता. त्यानं मागच्यांना हातानं रेटलं आणि "मागं सरा, पोरी हैत" असं ओरडला. मागं सरायला त्याला कारण मिळालं होतं.

मुलींना त्या जागी ठेवणं बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. दुसरी बाटली आली असती तर लागली असती त्यांनाच. पुढच्या वर्षी मध्ये वसाहतीतले बाप चालावेत असं माझं म्हणणं आहे.

२१ सप्टेंबर

वाईट बातमी. काल रात्री अलीकडच्या सोळा वर्षांच्या पोरानं पलीकडच्या एकाच्या हातावर आणि खांद्यावर वार केले. आमच्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. स्टेटस नाही, ग्रुपवर शब्द नाही. चोवीस वर्षांच्या एकाच्या उधारीचं प्रकरण आणि कोयता या पोराच्या हातात. वकीलताईंच्या सत्रातून उठून गेलेल्या दोघांपैकी हा चोवीस वर्षांचा एक.

जखमी धोक्याबाहेर. रात्रीच वेल्डर पलीकडं, काका अलीकडं. दोन्हीकडं एकच निरोप, हे दोन वसाहतींचं भांडण नाही, एका माणसाच्या पैशाचं आहे. हा निरोप खरा होता म्हणून टिकला. पहाटेपर्यंत पूल रिकामा राहिला.

पोराला आज बाल न्याय मंडळापुढं नेलं. कायद्यानं चोवीस तासांच्या आत न्यावं लागतं आणि कोठडीत ठेवता येत नाही. मंडळात न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. त्याची आजी माझ्या शेजारी होती. तिला 'जामीन' एवढाच शब्द माहीत होता. समजावून सांगितलं की मुलाला सोडणं हा नियम आहे. सोडल्यावर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच निरीक्षणगृहात ठेवतात. मंडळाला तसं वाटलं आणि माझंही मत तेच होतं. चोवीस वर्षांचा तो अजून गल्लीत मोकळा फिरत होता. आजीला हे सांगणं जड गेलं. तिनं डबा आणला होता.

२९ सप्टेंबर

चोवीस वर्षांच्या त्या माणसाला अटक. ८३वं कलम लावावं असा अर्ज वकीलताईंनी दिला आहे. असं झालं तर अलीकडच्या सगळ्या 'भाईं'पर्यंत बातमी जाईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोरगा गुरुवारी निरीक्षणगृहातून घरी आला. मंडळानं समुपदेशनाची आणि आजीच्या हमीची अट घातली आहे, चौकशी पुढं चालू राहील.

तो येण्याआधीच वस्ताद जखमी पोराच्या वडिलांना भेटून आले. तारीख त्यांना आमच्याकडून कळली पाहिजे, पानपट्टीवरून नाही, असं ठरलं होतं. वडील फाउंड्रीत काम करतात, कमी बोलतात. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो पुलावरनं जाणार काय?" वस्ताद म्हणाले, तुम्ही नको म्हणाल तोवर नाही. वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, दिवाळीपर्यंत नको, नंतर बघू. पोराला हे सांगितलं, त्यानं मान्य केलं. तोवर तो मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाईल, समुपदेशनाला काका सोडतील.

जखमी पोराचा खांदा अजून पूर्ण वर जात नाही. त्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीची व्यवस्था झाली, येण्याजाण्याचा खर्च प्रकल्पातून. मार खाल्लेल्याकडं सगळ्यांचं लक्ष पहिले आठ दिवस असतं. नंतर तो एकटा पडतो, आणि एकटा पडलेला जखमी पोरगाच सहा महिन्यांनी बदल्याला निघतो. म्हणून हा खर्च अहवालात 'वैद्यकीय' या रकान्यात न घालता 'प्रतिबंध' या रकान्यात घालणार आहे. हिशोबनीसांना तसं कळवलं.

सोमवारी आजी आणि मी पोराच्या जुन्या शाळेत जाणार, दाखल्यासाठी. १७ नंबरचा फॉर्म विलंब शुल्क भरून अजून घेतात का ते तिथंच विचारायचं. पुढच्या शनिवारी तालमीत दोन्ही मंडळांची बैठक. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आहे. मॅच सुटल्यावर कुठल्या गटानं स्टेडियममधून कुठल्या दारानं बाहेर पडायचं, कोण पुढं, कोण मागं, आणि हरलेल्या दिवशी पोरांबरोबर घरापर्यंत कोण चालत येणार, याची यादी तिथं करायची. वाढदिवसवाल्यानं पलीकडच्या बाजूनं चालायला स्वतःहून नाव दिलं आहे. अलीकडच्या बाजूनं अजून कुणी मिळालेलं नाही. भरतीवाल्याला विचारायचं आहे.